पोटाची वारंवार ऑपरेशनं झाल्यावर: दुखणं ओळखायचं कसं, घरी सांभाळायचं कसं आणि दवाखान्यात कधी धावायचं

आतड्याचं पहिलं ऑपरेशन झालेल्या माणसाला लोक विचारतात, "आता बरं आहे ना?" तिसरं झालेल्याला विचारतात, "अजून दुखतंच का?" या दुसऱ्या प्रश्नाने माणूस खचतो. तो दुखणं लपवायला लागतो, आणि इथून पुढे खरा धोका सुरू होतो.

माझ्या धाकट्या भावाला आतड्याचा टीबी होता. आतडं फुटलं म्हणून पहिलं ऑपरेशन झालं आणि पोटावर पिशवी आली, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्यावर शौच गोळा करणारी पिशवी लावली. पुढे आतडं जोडून पिशवी काढली, मग अडथळा झाला म्हणून पुन्हा पोट उघडलं, आणि मग जुन्या टाक्यांतून हर्निया आला. त्याची शुश्रूषा करताना एक गोष्ट पक्की समजली. 'पोटदुखी' नावाची एकच गोष्ट नसते. पाच-सहा वेगवेगळी दुखणी असतात आणि एकावरचं औषध दुसऱ्यात घात करतं. म्हणून गोळी शोधण्याआधी दुखणं वेगळं काढायला शिकायचं. दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशननंतर नुकतेच घरी आलेले पेशंट आणि त्यांच्या घरचे यांच्यासाठी हे लिहिते आहे. टीबी असो, क्रोन्स (आतड्याला सूज येणारा दीर्घकाळचा आजार) असो, कॅन्सर असो की अपघात, पुढचं बरंचसं सगळ्यांना लागू पडतं. तुमच्या सर्जनने वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

पहिलं काम: कागद

डिस्चार्ज कार्डवर बहुतेक वेळा एकच ओळ असते, 'आतड्याचा भाग काढून जोडणी केली'. ती पुरत नाही. सर्जनकडून ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या आणि समोर बसून विचारा: कुठला भाग काढला? किती सेंटीमीटर काढला? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, किती शिल्लक राहिला? मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर असतं, माणसागणिक बराच फरक पडतो. म्हणून 'अर्धा मीटर काढलं' एवढ्यावरून काही कळत नाही. शिल्लक लहान आतडं २०० सेंटीमीटरच्या आत असेल तर त्याला शॉर्ट बॉवेल म्हणतात. मग पाणी, क्षार, जीवनसत्त्वं यांचा सगळा हिशोबच बदलतो. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात बी१२ शोषलं जातं. तो भाग ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त गेला असेल तर बी१२ची इंजेक्शनं बहुधा आयुष्यभर लागतात. हे विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही, कारण ऑपरेशन एका ठिकाणी होतं आणि पुढची तपासणी दुसऱ्याच डॉक्टरकडे.

हे सगळं एका पानावर उतरवा. प्रत्येक ऑपरेशनची तारीख आणि कारण, काय काढलं, काय उरलं, हर्नियासाठी जाळी बसवली आहे का, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, शेवटचा सीटी स्कॅन कधी झाला. पान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून फाइलच्या वर ठेवा, त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये राहू द्या. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरपुढे पेशंट वेदनेने गडबडा लोळत असताना इतिहास तोंडी सांगता येत नाही. हे पान पुढे केलं की पहिला अर्धा तास वाचतो. सीटीची सीडीही सोबत न्या. जुन्या स्कॅनशेजारी नवा ठेवला तरच काय बदललं ते दिसतं.

दुसरं काम: दुखणी वेगळी काढा

पोट उघडलं की आतल्या पातळ आवरणाला इजा होते आणि भरून येताना शेजारशेजारचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. वाळत घातलेले ओले पापड एकमेकांवर पडले तर कडेने चिकटतात ना, तसंच. पोटाचं उघडं ऑपरेशन झालेल्या दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त लोकांच्या पोटात असे चिकटे होतात. सर्जनच्या हातात दोष होता म्हणून ते झाले असं समजू नका. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पण आतड्याचं एखादं वळण त्यात मुडपलं की त्रास सुरू होतो.

त्या वेळी येते ती कळ. ती लाटेसारखी चढते, माणूस वाकतो, मग ओसरते, काही मिनिटांनी पुन्हा येते. पोटात गुडगुड मोठ्याने ऐकू येते. पुढे वाट अरुंद असल्यामुळे आतडं जोर लावतं, त्याची ही कळ. जेवल्यावर तासा-दोन तासांनी नेमाने येत असेल तर कुठेतरी आतडं अरुंद झालं असण्याची शक्यता मोठी. हे सर्जनला सांगायलाच हवं, भले ती आपोआप थांबत असो.

दुसरं दुखणं व्रणाच्या रेषेवरचं. जळजळ, चमक, कपडा घासला तरी झोंबणं, आणि शेजारीच बधिर पट्टा. हे कापल्या गेलेल्या किंवा टाक्यांत अडकलेल्या नसांचं दुखणं. यावर नेहमीची दुखण्याची गोळी फारशी चालत नाही.

तिसरं पोटाच्या भिंतीचं. पेशंट एका बोटाने नेमकी जागा दाखवतो, "इथेच". याची एक सोपी चाचणी डॉक्टर करतात, आणि जखम पूर्ण भरून काही महिने झाले असतील तर घरीही करून बघता येते. उताणं झोपायचं, हात छातीवर घडी करून. सगळ्यात जास्त दुखतं तिथे दुसऱ्याने एका बोटाने हलका दाब द्यायचा. दाब तसाच ठेवून पेशंटने डोकं आणि खांदे उशीवरून उचलायचे. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं किंवा होतं तेवढंच राहिलं, तर ते भिंतीत आहे. कमी झालं तर बहुधा आत आहे, कारण ताठ स्नायूंनी आतल्या अवयवांना आडोसा दिला. माझ्या भावाच्या उजव्या कुशीतल्या दुखण्यासाठी स्कॅनवर स्कॅन झाले होते. एका पेन क्लिनिकच्या डॉक्टरबाईंनी ही चाचणी केली, त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि तो टेबलावरून उतरताना सरळ उभा राहिला. हे सगळ्यांच्या बाबतीत घडेल असं नाही. पण भिंतीतलं दुखणं आतड्याचं समजून पुन्हा पोट उघडलं जाऊ नये, एवढ्यासाठी तरी ही चाचणी माहीत हवी.

चौथं म्हणजे फुगणं. खाल्ल्यावर पोट नगाऱ्यासारखं ताणतं, ढेकर येतात, दुर्गंधीयुक्त वायू सुटतो, पातळ होतं. आतड्याच्या संथ झालेल्या भागात जंतूंची वाढ झाली की असं होतं आणि ते ठरावीक अँटिबायोटिकने आटोक्यात येतं. पाचवं, उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर जुन्या टाक्यांपाशी फुगवटा येऊन ओढ लागणं. तो हर्निया.

एक साधी वही करा. तारीख, वेळ, कुठे, कसं दुखलं, काय खाल्लं होतं, शौच आणि वायू झाला का, उलटी झाली का, कशाने उतरलं. महिनाभराने या वहीतून जे दिसतं ते आठवणीतून सांगता येत नाही.

तिसरं काम: धोक्याच्या खुणा पाठ करा

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. आजीनेही, कारण घरगुती उपाय तिच्याच हातात असतात.

आतडं बंद पडल्याच्या चार खुणा: कळा, फुगणं, उलट्या, आणि वायूसुद्धा न सरणं. चारही एकदम येतील असं नाही. अडथळा वरच्या भागात असेल तर उलट्या लवकर आणि जास्त, पोट फारसं फुगत नाही, आणि खालच्या भागात साठलेलं असेल ते एक-दोनदा बाहेरही पडतं. त्यामुळे 'शौचाला झालं म्हणजे मोकळं आहे' हे खरं नाही.

यातही तातडी कधी? कळ येऊन जायची थांबली आणि दुखणं सलग झालं. ताप आला. शांत बसलेलं असताना नाडी शंभरच्या वर राहिली. पोट लाकडासारखं कडक झालं, हात लावू देत नाही. उलटी हिरवी किंवा शौचाच्या वासाची झाली. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात. सकाळची वाट पाहायची नाही. भयंकर कळा येत होत्या आणि अचानक बरं वाटलं, पण चेहरा उतरला आहे, घाम सुटला आहे, हे तर सगळ्यात वाईट.

स्टेरॉइड चालू असलेल्यांनी जास्त सावध राहायचं. त्या गोळ्यांनी ताप आणि दुखणं दोन्ही दबतं, पोट आत बिघडलं तरी वरून शांत दिसतं.

नुकत्याच झालेल्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणखी एक भीती असते, आतड्याचा जोड गळण्याची. रोज थोडं बरं वाटायला हवं त्याऐवजी पाचव्या-सातव्या दिवशी दुखणं वाढतं, ताप येतो, नाडी वेगाने चालते, भूक मरते. 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' असं म्हणून हे सोडून द्यायचं नाही. जखमेतून हिरवट-पिवळं किंवा शौचासारखं काही आलं तर ते फिस्टुलाचं लक्षण, म्हणजे आतड्यातून कातडीपर्यंत वाट पडल्याचं. स्वच्छ कापड लावा आणि थेट सर्जनकडे जा. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताच्या गुठळीची शंका, तेव्हाही लगेच.

पोटावर पिशवी असेल तर: लहान आतड्याच्या पिशवीत चार-सहा तास काहीच आलं नाही आणि कळा येत आहेत, तर निघायचं. पिशवीतलं आतड्याचं तोंड (स्टोमा) नेहमी लाल आणि ओलसर असतं. ते जांभळं-काळं पडलं तर तेव्हाच.

आता घरगुती उपायांबद्दल. बेंबीभोवती हिंगाचा लेप, ओव्याचा काढा, साध्या गॅससाठी याने फार नुकसान नाही. पण कळा आणि उलट्या सुरू असताना एरंडेल, कुठलंही जुलाबाचं औषध किंवा 'पोट साफ होण्याचं' चूर्ण अजिबात द्यायचं नाही. पुढे वाट बंद आहे आणि आपण मागून आतड्याला जोर लावायला सांगतो, त्याने आतडं फुटू शकतं. 'नळ सरकलेत, गोळा उठलाय' म्हणून पोट मळून घेणं तर नकोच. ऑपरेशन झालेल्या पोटावर मालीश करणाऱ्याचा हात पडू देऊ नका, तो कितीही नावाजलेला असो. गरम पाण्याची पिशवी चालते, पण व्रणाजवळच्या बधिर पट्ट्यावर नाही, तिथे भाजलेलं कळत नाही.

दवाखान्यात काय होईल

आधी माहीत असलं की घाबरायला कमी होतं. तोंडाने सगळं बंद होईल, शिरेतून सलाइन, लघवी मोजायला नळी, आणि नाकातून पोटात रायल्स ट्यूब. ही ट्यूब नकोशी वाटते, पण तुंबलेलं पाणी तिच्यातून बाहेर आलं की उलट्या थांबतात आणि ताण उतरतो. घालताना डोकं थोडं पुढे झुकवून, घोट गिळल्यासारखं करत राहिलं तर सोपी जाते. रक्ततपासण्या, मग सीटी.

चिकट्यांमुळे झालेला अडथळा बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय सुटतो. रक्तपुरवठा बिघडल्याच्या खुणा नसतील तर साधारण ७२ तासांपर्यंत थांबून बघतात. त्या काळात ट्यूबमधून एक्स-रेत दिसणारं पाण्यासारखं औषध देतात, आणि ते २४ तासांत मोठ्या आतड्यात उतरलेलं दिसलं तर सुटण्याची शक्यता चांगली असते. "नुसतं सलाइन लावून ठेवलंय, काहीच करत नाहीत" असं नातेवाइकांना वाटतं. ते थांबणं हाच उपचार असतो. तुम्ही तेवढ्यात दोन गोष्टी करा: वायू सरला की लगेच नर्सला सांगा, आणि दुखण्याची जात बदलली, लाटा जाऊन सलग झालं, तर तेही लगेच सांगा.

दुखण्याची औषधं

पॅरासिटामॉल हा पाया. खूप दुखल्यावर एखादी घेण्यापेक्षा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी नेमाने घेतली तर जास्त उपयोग होतो. ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही २४ तासांतली कमाल मर्यादा. वजन ५० किलोच्या आत असेल, दारू किंवा यकृताचा त्रास असेल, टीबीची औषधं चालू असतील, तर मर्यादा त्याहून खाली, विचारूनच. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेही मोजायचं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मेडिकलवाला सहज देतो. ज्याच्या शरीरातलं पाणी पिशवीतून किंवा जुलाबातून जातं त्याच्या मूत्रपिंडाला त्या घातक ठरू शकतात, आतड्यात जखमा (अल्सर) करतात, क्रोन्समध्ये आजार उसळू शकतो. 'पोटदुखीची साधी गोळी' म्हणून घराघरात असलेल्या मेफ्टल-स्पासमध्येही याच जातीचं मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं, सोबत आतड्याची हालचाल मंद करणारं डायसायक्लोमिन. म्हणजे अडथळ्याची शंका असताना ती दोन्ही बाजूंनी नको.

ट्रामाडॉल आणि त्याहून जोराची, अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं ऑपरेशननंतरच्या दिवसांत लागतात आणि घाबरून नाकारू नयेत. न दुखता खोल श्वास घेता आला, खोकता आलं, चालता आलं तर न्यूमोनिया टळतो. पण महिनोन्‌महिने चालू राहिली तर आतडं मंदावतं, बद्धकोष्ठ होतं, आणि काही जणांत दुखणं उलट वाढतं: डोस वाढवला की थोडे दिवस बरं, मग आधीपेक्षा जास्त. असा क्रम दिसला तर सांगा. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका, हळूहळू उतरवावी लागतात.

नसांच्या जळजळीवर गॅबापेन्टिन, प्रेगाबॅलिन किंवा रात्री अगदी कमी डोसमध्ये अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. शेवटची गोळी नैराश्यावरचीही असल्याने लोक रागावतात, "मला काय वेड लागलंय का?" नाही. त्या डोसला ती नसांसाठी आहे. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस झोप जास्त येते.

आतडं छोटं झालं असेल तर आणखी एक: 'एसआर', 'ईआर' लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या शोषल्या जाण्याआधीच निघून जाऊ शकतात. पिशवीत अख्खी गोळी दिसली तर तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

पाणी

नवख्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, म्हणून सावकाश सांगते. लहान आतड्याच्या पिशवीत रोज साधारण अर्धा ते सव्वा लिटर येणं ठीक. दीड-दोन लिटरच्या वर जायला लागलं की शरीर कोरडं पडतं. तहान लागते, माणूस तांब्यावर तांब्या साधं पाणी पितो, आणि पिशवी आणखी भरते. कारण साध्या पाण्यात मीठ नसतं, ते आतड्यातल्या भिंतीतून मीठ ओढून घेऊन बाहेर जातं. जितकं पाणी, तितकी तहान.

उपाय म्हणजे मिठा-साखरेचं योग्य प्रमाण, घोट घोट, दिवसभर. पाकिटावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेली ओआरएसची पूड घ्या आणि एक लिटरची असेल तर पूर्ण पाकीट मोजून एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या पाकिटाला पेलाभर पाणी असला अंदाज नको. केलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आतडं फारच छोटं असेल तर यापेक्षा जास्त मिठाचं मिश्रण लागतं, ते प्रमाण डॉक्टर देतील. दुकानातली गोड टेट्रापॅक पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये तसं नाव वापरायला मनाई केली. नाव काहीही असो, मागचा मजकूर वाचा.

भेटायला येणारे शहाळी आणतात. मायेने आणतात, पण शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं. पिशवी भरभरून वाहत असताना ते ओआरएसच्या जागी चालत नाही. उसाचा रस आणि गोड सरबतं तर पिशवीचा जोर वाढवतात.

रोज पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यात मोजा, लघवीही मोजा. दिवसाला लिटरभर तरी लघवी व्हायला हवी. ती गडद आणि थोडी झाली, उभं राहताच अंधारी आली, पायात गोळे येऊ लागले, तर सोडियम-मॅग्नेशियम तपासायला हवं. पिशवीचा वेग कमी करायला लोपेरामाइड देतात, ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. कळा, फुगणं, ताप किंवा रक्त असेल तर नाही.

निर्जळी उपास या माणसाने करू नये. उन्हाळ्यात तर नाहीच.

खाणं

आतडं अरुंद असेल किंवा नुकतंच जोडलं असेल तर चोथा कमी. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, रव्याची खीर, गाळलेली नाचणीची आंबील, दुधी-भोपळा शिजवून घोटून, अंडं, काटे काढलेला मऊ मासा, ताक पचत असेल तर ताक. टाळायच्या गोष्टी म्हणजे ज्या चावूनही तशाच राहतात: मक्याचे दाणे, ओलं खोबरं, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, संत्र्याच्या फोडीची साल, मशरूम, कच्चं गाजर, अख्खे शेंगदाणे. उपासाची साबुदाण्याची खिचडी म्हणून दाण्यांसकट खाऊ नका. नुसता साबुदाणा मात्र पिशवीतलं पातळ घट्ट करायला मदत करतो, तसाच भात आणि केळं.

तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी. कळांच्या भीतीने खाणं टाळू नका. दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी वजन करा. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलोपेक्षा जास्त, तर ते आहारतज्ज्ञाकडे जाण्याचं कारण आहे, नशिबाला दोष देण्याचं नाही. चोथा कायमचा बंद करायचा नसतो. सर्जनने हिरवा कंदील दिला की एका वेळी एक नवा पदार्थ, दोन दिवस वाट पाहून पुढचा.

उठणं-बसणं आणि पोटाची भिंत

पलंगावरून थेट उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय कडेवरून खाली सोडा, आणि हाताच्या कोपराने ढकलत वर या. पोटाच्या मधल्या रेषेवर ताण येत नाही. खोकताना, शिंकताना, हसतानासुद्धा उशी पोटाशी घट्ट धरा. पहिले सहा-आठ आठवडे जड उचलू नका, आणि जड म्हणजे गॅस सिलिंडरच नाही, पाण्याने भरलेली बादली आणि कडेवरचं मूलही. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. पोटाला आधाराचा पट्टा लावायचा तर झोपलेलं असताना लावा, फुगवटा आत असतो तेव्हा. हर्निया आत जाईना, कडक आणि दुखरा झाला, उलटी झाली, तर पुन्हा तिसऱ्या कामातली घाई.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की ती कातडी सोडते. पिशवीच्या चिकट चकतीचं भोक आतड्याच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. ऑपरेशननंतर काही आठवडे तोंड आकसत जातं, म्हणून दर आठवड्याला नव्याने मोजा. बदलायची वेळ सकाळी काही खाण्यापिण्याआधी, तेव्हा कमी वाहतं. जादा पिशव्या मे महिन्यात बाइकच्या डिकीत ठेवू नका, चिकट थर बिघडतो.

"एकदा उघडून चिकटे सोडवून टाका"

हा विचार प्रत्येक घरात येतो. अडथळा असेल तर ऑपरेशन लागू शकतं, तो वेगळा प्रश्न. फक्त दुखण्यासाठी चिकटे सोडवावेत का? नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी झाली, निम्म्यांचे चिकटे सोडवले, निम्म्यांचे नाहीत. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. म्हणजे सोडवल्याचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि सोडवताना आतड्याला भोक पडण्याचा धोका खराच आहे. शिवाय नवीन कापलं की नवीन चिकटे. कुणी असं ऑपरेशन सुचवलं तर विचारा: स्कॅनवर अडथळ्याची नेमकी जागा दिसते आहे का? भिंतीचं दुखणं नाही हे तपासलं का? नाही केलं तर काय होईल? आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. चांगला सर्जन यावर रागावत नाही.

मनाचंही सांगते. वर्षभर दुखत राहिलं की मेंदू दुखण्यावर पहारा द्यायला लागतो, साध्या गुडगुडीनेही छातीत धडधडतं. पोटाने श्वास घेण्याचा सराव, झोपेची ठरलेली वेळ आणि जमेल तसं काम याने तो पहारा सैल होतो. समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे 'दुखणं खोटं आहे' असं नाही. पिशवी, व्रण, थकवा यांमुळे नवरा-बायकोतही अंतर पडतं. त्याबद्दल स्टोमा नर्सशी (पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सशी) मोकळेपणाने बोलता येतं, त्यांना हे प्रश्न नवे नसतात.

पैसे आणि पाठपुरावा

ऑपरेशनआधी वेळ असेल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते पाहा. तिथे योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होतानाच जा, बिल झाल्यावर नाही. आतड्याच्या टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १००० रुपये थेट खात्यात येतात. बी१२, लोपेरामाइड, पॅरासिटामॉल जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडतात.

सगळं शांत असतानाही तपासण्या चुकवू नका. लहान आतड्याचा मोठा भाग गेला असेल तर हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन दर तीन ते सहा महिन्यांनी बघावं लागतं. शेवटचा भाग काढून मोठं आतडं शाबूत असेल तर ऑक्झलेटचे मुतखडे होतात, म्हणून पाठीतून जांघेकडे जाणारी कळ आली तर सोनोग्राफी करा. आणि त्याच माणसांना जेवल्यावर लगेच पिवळं पाण्यासारखं होत असेल तर ते पित्तामुळे असू शकतं. त्यावर कोलेस्टिरामाइन नावाची पूड आहे. ती इतर औषधांना धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार-सहा तास नंतर घ्यायच्या.